धुराला वाट

ज्या घरांत पूर्वी पाणी तापविण्यासाठी तांब्याचा बंब असे, त्या घरांतील माणसांस एक गोष्ट शिकवावी लागत नसे. बंबाच्या मधल्या नळकांड्यात काजळी साचली, म्हणजे खाली कितीही वाळकी लाकडे सारली तरी विस्तव नुसता धुमसत राही. आणि तेच नळकांडे एकदा खरवडून साफ केले, की त्याच लाकडांचा जाळ घोंघावत वर चढे. अग्नीला इंधनाची जितकी गरज, तितकीच धुराला वाट मिळण्याची. परंतु जळण घालणाऱ्या हाताकडे सर्वांचे लक्ष असते. धूर कोठून जातो इकडे तो कोंडेपर्यंत कोणी पाहत नाही.

मोटारीच्या एंजिनाची गोष्ट याहून फारशी निराळी नाही. जुन्या स्पोर्ट्स मोटारींचे शौकीन गाडीच्या कार्बुरेटरविषयी तासन्‌तास बोलतील, रंगाविषयी वाद घालतील, चाकांच्या ताराही मोजून दाखवतील. परंतु एंजिनाच्या कुशीतून निघून गाडीच्या पोटाखाली नाहीशी होणारी जी धुराची नळी, तिची मांडणी कोणी व कशी ठरविली, असे विचारले असता बहुतेकांचे उत्तर अडते. या नळ्या नव्याने आखून देणारे कारागीर इंग्लंड, जर्मनी, अमेरिका इत्यादी देशांत आहेत. त्यांचे काम वरवर पाहता लोहारशाळेतले वाटेल. परंतु त्यात ध्वनिशास्त्र आहे, उष्णतेचे शास्त्र आहे, आणि जुन्या वस्तूशी माणसाने कसे वागावे हा विवेकाचाही एक प्रश्न आहे.

प्रथम या मोटारी कोणत्या, ते पाहू. १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात जॅग्वार कंपनीने आपली एक्सके १२० ही गाडी मांडली. १९५८ साली ऑस्टिन-हीली स्प्राइट ही लहानगी, बेडकासारख्या डोळ्यांची गाडी निघाली. १९६१ साली जॅग्वारची ई-टाइप, १९६२ साली एम.जी.बी., १९६३ साली पोर्शेची ९११, अशी ही मालिका पुढे वाढत गेली. यांतील एम.जी.बी. ही सर्वसामान्य माणसाची स्पोर्ट्स मोटार. ॲबिंग्डन या गावच्या कारखान्यात ती १९८० सालापर्यंत तयार होत होती, आणि तिच्या सर्व प्रकारांची मिळून संख्या पाच लाखांवर गेली. त्यांपैकी हजारो गाड्या अद्यापि रस्त्यावर आहेत. म्हणून विवेचनासाठी तीच गाडी मुख्यत्वे समोर ठेवणे सोयीचे.

या गाडीला मूळ कारखान्याने बिडाचे ओतीव मॅनिफोल्ड बसविलेले असे. मॅनिफोल्ड म्हणजे चारही सिलिंडरांचा धूर गोळा करून खालच्या नळीत सोडणारा जाडजूड भाग. बीड स्वस्त, टिकाऊ, आवाज गिळणारे. साच्यात एकदा ओतले की काम झाले. त्यात दोष एवढाच, की आतील वाटा आखूड व वाकड्या असतात आणि एका सिलिंडरचा धूर दुसऱ्याच्या धुरावर जाऊन आदळण्याचा संभव असतो. याऐवजी प्रत्येक छिद्रापासून पोलादाची स्वतंत्र, सफाईने वाकविलेली नळी निघावी, आणि या नळ्या ठरावीक अंतर चालून गेल्यावर मग एकमेकींस मिळाव्यात, अशी जी रचना करतात तिला हेडर म्हणतात. मूळ कारखान्याच्या बाहेर, नंतरच्या काळात, दुसऱ्याच कोणी तयार केलेला हा माल असतो.

आता एवढ्या खटाटोपाचे कारण काय? मोटारीचे एंजिन चार धावांत आपले काम पुरे करते, ही गोष्ट १८७६ साली निकोलस ऑटो या जर्मन गृहस्थाने प्रत्यक्ष यंत्र चालवून दाखविली. पिस्टन खाली जाताना पेट्रोल व हवा यांचे मिश्रण आत येते. वर येताना ते दाबले जाते. ठिणगी पडून ते जळते व पिस्टनला खाली लोटते. आणि चौथ्या धावेत जळालेला वायू बाहेर जातो. दर मिनिटाला ५००० फेरे या गतीने एंजिन चालत असेल, तर एका फेऱ्यास १२ सहस्रांश सेकंद लागतात आणि एका धावेस ६. एवढ्या अवकाशात सिलिंडर रिकामे व्हावयाचे असते. मंगल कार्यात पहिली पंगत उठून उष्टी पाने निघाल्याखेरीज दुसरी पंगत बसत नाही. वाढपी कितीही तत्पर असोत आणि जिलब्यांच्या पराती कितीही भरलेल्या असोत, त्यांचा उपयोग होत नाही. जळका वायू मागे रेंगाळला, तर तितक्या जागेपुरते ताजे मिश्रण बाहेरच तिष्ठत राहते, आणि तितकी शक्ती कमी होते.

पिस्टनने वर येऊन धूर ढकलून द्यावा, एवढ्यावर हे काम भागत नाही. म्हणून धुराची झडप पिस्टन तळाशी पोहोचण्याच्या आधीच उघडतात, एम.जी.बी.च्या एंजिनात ती सुमारे ५० अंश आधी उघडते. त्या क्षणी आतील वायूत बराच दाब शिल्लक असतो. तो वायू एकदम नळीत फुटतो आणि त्याबरोबर दाबाची एक लाट नळीतून पुढे धावते. येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. वायू स्वतः निराळ्या वेगाने जातो आणि त्यातील लाट निराळ्या वेगाने जाते. यात्रेच्या गर्दीत मागून धक्का आला, तर तो धक्का क्षणार्धात पन्नास माणसांपलीकडे पोहोचतो. ती माणसे मात्र पाऊल दोन पाऊल हललेली असतात. नळीतील वायूची चाल सेकंदाला काही दशक मीटर असते. लाटेची चाल म्हणजे त्या तप्त वायूतील ध्वनीची चाल, आणि ती सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास धरावयास हरकत नाही.

ही लाट पुढे गेल्यावर काय होते, यातच सारे रहस्य आहे. तीच गर्दी अरुंद बोळातून मोकळ्या पटांगणात आली, की पुढची माणसे भराभर पसरतात आणि त्यांच्या पाठीमागे मोकळी जागा पडते. ती भरण्यासाठी मागची माणसे पुढे सरकतात, त्यांच्या मागे पुन्हा जागा पडते. आणि अशा रीतीने ती पोकळी उलट दिशेने बोळाच्या आरंभापर्यंत येऊन पोहोचते. नळीतही असेच घडते. दाबाची लाट नळीच्या उघड्या किंवा एकदम रुंद होणाऱ्या तोंडाशी आली, म्हणजे तिच्यातून विरळपणाची एक लाट जन्मास येऊन मागे, झडपेकडे परतते. ती अगदी योग्य क्षणी परतली, तर सिलिंडरमध्ये रेंगाळलेला धूर ओढून नेते; आणि त्याच क्षणी ताज्या मिश्रणाची झडप उघडू लागलेली असल्यामुळे तेही आत खेचले जाते. पिस्टनने खाली जाण्यापूर्वीच आवक सुरू होते. नुसत्या नळीने हा पंप फुकट मिळवून दिला, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

योग्य क्षण कोणता, हे शाळेतल्या त्रैराशिकाने काढता येते. झडप तळाच्या ५० अंश आधी उघडली आणि पिस्टन वरच्या टोकाला जाईपर्यंत आणखी १८० अंश लागले, म्हणजे एकूण २३० अंश झाले. दर मिनिटाला ४५०० फेरे असतील, तर २३० अंश फिरण्यास सुमारे साडेआठ सहस्रांश सेकंद लागतात. तेवढ्या वेळात लाट सुमारे सव्वाचार मीटर चालेल. तिला जावयाचे आणि यावयाचे असल्यामुळे नळीची लांबी याच्या निम्मी, म्हणजे सुमारे २.१ मीटर हवी. गती ६००० फेऱ्यांची धरली, तर हीच लांबी १.६ मीटर येते. ३००० धरली, तर ३.२ मीटर. गती जास्त, तर नळी आखूड. गती कमी, तर नळी लांब. सनईवाल्याने भोके उघडून स्वर चढवावा, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की मोटारीची नळी चालत्या गाडीत आखूड-लांब करता येत नाही. कोणता स्वर धरावयाचा हे आधीच ठरवावे लागते.

दोन मीटर लांबीची नळी बॉनेटखाली मावणे शक्य नाही. ती गाडीच्या तळाखालून पुढच्या सायलेन्सरपर्यंत धावते. शिवाय वाटेत जेथे जेथे नळ्या मिळतात, तेथे तेथे लाटेचा काही अंश लवकर मागे फिरतो आणि उरलेला पुढे जातो. म्हणून पहिल्या नळ्यांची लांबी, दोन नळ्या मिळाल्यानंतरच्या भागाची लांबी, आणि शेवटच्या एकेरी नळीची लांबी, या तिन्ही गोष्टी कारागिराला वेगवेगळ्या विचारात घ्याव्या लागतात. त्यात वायू जसजसा पुढे जाऊन थंड होतो तसतशी लाटेची चालही मंदावते. तात्पर्य, वरील गणित हे पहिले माप होय. शिंप्याने कापड बेतावे पण अंगावर चढवून पाहिल्याखेरीज शेवटची शिवण घालू नये, तसे.

या विद्येचा इतिहासही मनोरंजक आहे. १९३० नंतरच्या दशकात मायकेल कॅडेनासी याने धुराच्या झपाट्याचा उपयोग करून सिलिंडर रिकामे करण्याच्या युक्तीची एकस्वे मिळविली, आणि तो परिणाम अद्यापि त्याच्या नावाने ओळखला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व जर्मनीत एमझेड मोटारसायकलींच्या कारखान्यात वॉल्टर काडेन या अभियंत्याने दोन धावांच्या एंजिनाला मध्ये फुगीर व शेवटी निमुळती अशी नळी लावून कमाल करून दाखविली. १९६१ सालापर्यंत त्याचे १२५ घनसेंटिमीटरचे इवलेसे एंजिन सुमारे २५ अश्वशक्ती देऊ लागले होते. म्हणजे लिटरमागे २०० अश्वशक्ती. त्याच वर्षी त्याचा स्वार अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे निसटला आणि पुढे जपानच्या सुझुकी कंपनीला जाऊन मिळाला. त्याच्याबरोबर ही विद्याही तेथे गेली. लोखंडी पत्र्याच्या एका पोकळ नळीसाठी देशांच्या सीमा ओलांडल्या गेल्या, यावरून तिचे मोल कळावे. चार धावांच्या एंजिनात नळीचा प्रभाव इतका प्रचंड नसतो. परंतु नियम तेच.

आता नळ्या कोणत्या क्रमाने एकत्र आणावयाच्या, हा पुढचा प्रश्न. एम.जी.बी.च्या चार सिलिंडरांत ठिणगी १, ३, ४, २ या क्रमाने पडते. पहिला व चौथा यांच्या पाळ्यांत बरोबर एका पूर्ण फेऱ्याचे अंतर आहे. दुसरा व तिसरा यांच्या पाळ्यांतही तसेच. म्हणून १ आणि ४ यांची एक जोडी व २ आणि ३ यांची दुसरी जोडी केली, तर कोणाचाही धूर जोडीदाराच्या वाटेत येत नाही. येथे या एंजिनाची एक गंमत आहे. काटकसरीसाठी त्याच्या मस्तकात मधल्या दोन सिलिंडरांना धुराचे एकच समाईक छिद्र ठेवलेले आहे. स्प्राइट आणि मिनी यांच्या लहान एंजिनांतही हीच तऱ्हा. कारागिराला चार नळ्या लावावयाच्या असल्या, तरी छिद्रे तीनच. मधली जोडी ओतशाळेतच लागून गेलेली! सुदैवाने ती योग्य तीच जोडी आहे. म्हणून या गाड्यांच्या हेडरांत कडेच्या दोन नळ्या प्रथम एकमेकींस मिळतात, मधली एकटीच लांबवर चालते, आणि शेवटी दोन्ही प्रवाहांचा संगम होतो. मधली नळी मुद्दाम लांब ठेवलेली ही रचना मिनीच्या चाहत्यांत फार प्रसिद्ध आहे.

जॅग्वारच्या सहा सिलिंडरांच्या एंजिनात क्रम १, ५, ३, ६, २, ४ असा आहे. त्यात पुढच्या तिघांची एक तुकडी व मागच्या तिघांची दुसरी केली, तर प्रत्येक तुकडीत २४० अंशांच्या समान अंतराने धूर येतो. जणू मोजून घातलेला ठेका. परंतु अमेरिकन धाटणीच्या आठ सिलिंडरांच्या व्ही आकाराच्या एंजिनात ही सुलभता नाही. तेथे एकाच बाजूच्या दोन सिलिंडरांच्या पाळ्या ९० अंशांच्या अंतराने लागोपाठ येतात आणि एकमेकांच्या वाटेत उभ्या राहतात. त्या एंजिनाचा गडगडता, अडखळता आवाज येतो तो यामुळेच. फोर्ड कंपनीच्या जीटी ४० या शर्यतीच्या गाडीत त्यावर उपाय म्हणून डाव्या बाजूच्या काही नळ्या उजवीकडे व उजव्या बाजूच्या डावीकडे नेऊन पाळ्यांचे अंतर समान केले. एंजिनावर माजलेल्या त्या नळ्यांच्या गुंत्याला लोकांनी सापांची मोळी असे नाव दिले. दिसावयास तो गुंता. परंतु त्यातील प्रत्येक वळण हिशेबाने घातलेले होते.

लांबी ठरली, जोड्या ठरल्या, आता रुंदी. सर्वसामान्य माणसाची समजूत अशी, की वाट जितकी रुंद तितका धूर सुखाने जाईल. ही समजूत अर्धीच खरी आहे. नदी डोंगराच्या घळीतून जाते तेव्हा तिला ओढ असते. तीच मैदानात पसरली की संथ होते. नळी फार रुंद केली, तर वायूचा वेग मंदावतो, त्याच्या पाठोपाठ पडणारी ओढ नाहीशी होते आणि कमी गतीवर एंजिन मरगळते. एम.जी.बी.चे सिलिंडर ८०.२६ मिलिमीटर रुंद असून पिस्टनची धाव ८८.९ मिलिमीटर आहे. ५५०० फेऱ्यांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १६.३ मीटर येतो. नळी आतून ३५ मिलिमीटर असेल, तर त्या हिशेबाने वायूचा वेग सुमारे ८६ मीटर. ती ४१ मिलिमीटर केली, तर तो ६२ वर उतरतो. रस्त्यावर चालवावयाच्या गाडीला पहिली नळी मानवते. दुसरी नळी हातात घेऊन पाहिली असता भारदस्त वाटते, दुकानात खपतेही. परंतु तिचे सुख शर्यतीच्या मैदानावर, आणि तेही वाढविलेल्या एंजिनाला.

कागदावरचे हे काम झाले. पुढे खरी कसोटी लागते ती जागेची. जुन्या गाडीच्या बॉनेटखाली हेडरसाठी कोणीही जागा राखून ठेवलेली नसते. एकीकडे सुकाणूचा दांडा, दुसरीकडे गाडीचा सांगाडा, खाली पाय ठेवावयाचा पत्रा, आणि वर कार्बुरेटर. एम.जी.बी.त मिश्रण आत येण्याची व धूर बाहेर जाण्याची बाजू एकच, डावी. इंग्लंडमधील गाडीत सुकाणू उजवीकडे असल्यामुळे काही अडचण पडत नाही. परंतु अमेरिकेस गेलेल्या गाडीत सुकाणू डावीकडे, आणि मग तीच नळी त्याच्या दांड्याला अडखळू शकते. शिवाय एंजिन रबराच्या आधारांवर बसविलेले असते आणि गाडी चालू असता हलते. म्हणून केवळ बोट शिरेल एवढी जागा ठेवून भागत नाही. पूर्वी जाड तार वाकवून नळीची वाट ठरवीत. हल्ली प्रकाशाच्या किरणांनी बॉनेटखालची सारी जागा मोजून संगणकाच्या पडद्यावर उभी करतात. तरीही शेवटी प्रत्येक बोल्टला पाना लागतो की नाही आणि स्पार्क प्लग काढता येतो की नाही, हे हातानेच पाहावे लागते. हेडर उतरविल्याखेरीज प्लग निघत नसेल, तर असा हेडर आखणाऱ्याने शास्त्र कितीही बरोबर मांडलेले असो, गाडीचा मालक त्याचे नाव काढताना भले शब्द वापरणार नाही.

नळी वाकविण्यातही दोन प्रकार आहेत. साध्या यंत्राने वाकविली, तर वळणावर ती चेपते व आतली वाट अरुंद होते. आत सरकता ठोकळा ठेवून वाकविली, तर वळणावरही गोलाई कायम राहते. चांगल्या कामात हीच रीत वापरतात. धातूविषयी म्हणावे, तर साधे पोलाद सोपे व स्वस्त, पण गंजते. स्टेनलेस स्टील गंजत नाही. परंतु तापले असता ते अधिक वाढते. एक मीटर लांबीची स्टेनलेस नळी ५०० अंशांनी तापली, तर सुमारे साडेआठ मिलिमीटर लांब होते. त्या वाढीला सरकता सांधा किंवा लवचिक वळण ठेवले नाही, तर ती आपली वाढ दुसरीकडे काढते, आणि मग वेल्डिंगशेजारी तडा जातो. स्टेनलेस नळी जोडताना बाहेरून जशी, तशी आतूनही आरगॉन वायूची पाखर धरावी लागते. नाहीतर सांध्याच्या आतल्या अंगाला खरखरीत खडे धरतात, ज्या वाटेसाठी एवढा खर्च केला त्याच वाटेत! उष्णता आवरण्यासाठी पूर्वी नळ्यांना ॲस्बेस्टॉसचे कापड गुंडाळीत. त्या धुळीने फुप्फुसांचे भयंकर रोग होतात, हे आता सिद्ध झालेले असल्यामुळे जुन्या गाडीवर असे कापड आढळल्यास ते हातांनी ओरबाडू नये.

या सर्वांहून क्षुल्लक दिसणारी, परंतु पुष्कळांस रडविणारी बाब म्हणजे पट्टीची जाडी. एम.जी.बी.त कार्बुरेटरकडचे मॅनिफोल्ड आणि धुराचे मॅनिफोल्ड ही दोन्ही शेजारीशेजारी, त्याच खुंट्यांवर, एकाच रुंद वायसराखाली आवळलेली असतात. नव्या हेडरची पट्टी शेजारच्या मॅनिफोल्डच्या पट्टीपेक्षा पातळ असली, तर नट कितीही आवळला तरी वायसर जाड पट्टीवरच दाब देतो आणि पातळ बाजू सैल राहते. तेथून धूर फुसफुसतो किंवा हवा आत शिरते. उतरणीवर पाय काढला की फटाफट बार उडतात. मालकाला वाटते, गाडीत जोर आला. प्रत्यक्षात तेथे गळती असते. अर्ध्या मिलिमीटरच्या हयगयीने दोन मीटरचे गणित पाण्यात जाते.

परंतु खरा धोका पुढेच आहे. हेडर बसविला, आवाज भरला, मालक संतुष्ट झाला आणि गाडी घेऊन लांबच्या प्रवासास निघाला, म्हणजे काम संपले असे नव्हे. सिलिंडर आता अधिक चांगले रिकामे होते, अधिक हवा घेते. त्या हवेला पुरेसे पेट्रोल मिळाले पाहिजे. या गाड्यांच्या एस.यू. कार्बुरेटरमध्ये एक निमुळती सुई असते, आणि तिच्या निमुळतेपणावर पेट्रोलचे प्रमाण अवलंबून असते. सुई जुनीच ठेवली, तर मिश्रण विरळ होण्याचा संभव असतो. विरळ मिश्रणाने गाडी काही काळ मोठ्या उत्साहाने धावते, परंतु आत उष्णता वाढत जाते. आणि एखाद्या लांब चढणीवर धुराच्या झडपेची कड जळून जाते. सत्तर वर्षांपूर्वीच्या एंजिनाला ही दुखापत लहान नव्हे. म्हणून प्रामाणिक कारागीर हेडर देताना गाडी डायनॅमोमीटरवर चढविण्यास सांगतो. तेथे चाके जागच्या जागी फिरवून प्रत्येक गतीवरील जोर मोजतात, धुरातील प्राणवायू मोजून मिश्रण तपासतात, आणि मगच सुई कायम करतात.

हा जोराचा आलेख फार बोलका असतो. जेथे विरळ लाट वेळेवर परतते, तेथे रेषा वर चढते. जेथे अवेळी दाबाची लाट परतते, तेथे ती खचते. एका गतीवर मिळविलेले दुसऱ्या गतीवर थोडेबहुत द्यावे लागते. शर्यतवाला ६००० फेऱ्यांवर राहतो. त्याला खालचा खड्डा दिसतही नाही. परंतु गावातून, वळणावळणाच्या घाटातून, कुटुंबातील माणूस शेजारी बसवून गाडी चालविणारा गृहस्थ २००० ते ४००० च्या दरम्यान वावरतो. त्याला शर्यतीचा हेडर देणे म्हणजे फिरावयास निघालेल्याला पैलवानाचा खुराक देणे होय. म्हणून चांगला कारागीर लांबी-रुंदी विचारण्याआधी एकच प्रश्न विचारतो: गाडी कोठे चालविणार?

आणि येथे आणखी एक सत्य सांगणे प्राप्त आहे. एम.जी.बी.चे मूळ बिडाचे मॅनिफोल्ड मुळीच टाकाऊ नव्हते. त्यातून दोन स्वतंत्र नळ्या खाली उतरतात. ज्यांनी ते आखले त्यांस वर सांगितलेले शास्त्र ठाऊक होते. म्हणून इतर काही न बदलता केवळ हेडर बसविला, तर मिळणारी वाढ माफक असते. झडपांची वेळ, सिलिंडरचे मस्तक आणि कार्बुरेटर यांत सुधारणा झाली असेल, तरच तिचे पूर्ण फळ पदरात पडते. पोर्शे ९११ मध्ये तर आणखी एक अडचण. त्या गाडीचे एंजिन हवेने थंड होते आणि आत बसणाऱ्यांस ऊब मिळते ती धुराच्या नळ्यांभोवतीच्या आवरणातून. ते आवरण काढून मोकळा हेडर बसविला, की गाडी हलकी होते, आवाज गोड होतो, आणि हिवाळ्यात मालक कुडकुडतो.

आवाजाचाही विचार शेजाऱ्यांच्या बाजूने केला पाहिजे. इंग्लंडात ब्रुकलंड्स येथे १९०७ साली शर्यतीचा मोठा मार्ग बांधला गेला. आणि भोवतालच्या रहिवाशांच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की पुढे तेथे ठरावीक घडणीचा सायलेन्सर सक्तीचा करावा लागला. नळी आखताना सायलेन्सर हा शेवटी चिकटविण्याचा डबा नसून त्या मापाचाच एक भाग होय. तो काढून टाकला, तर शेजारधर्म तर जातोच, पण लाटेचा हिशेबही बदलतो.

राहता राहिला जुनेपणाचा प्रश्न. २०२१ साली भारत सरकारने मोटार वाहनांच्या नियमांत भर घालून ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि मोठा फेरफार न झालेल्या गाड्यांच्या नोंदणीची निराळी व्यवस्था केली. मुंबई-पुण्यातील जुन्या गाड्यांच्या मालकांनी पान्याला हात घालण्यापूर्वी ही अट पाहून घेणे इष्ट. कायद्याची गोष्ट बाजूस ठेवली, तरी विवेक उरतोच. जुनी गाडी ही एका काळच्या माणसांनी काय जाणले आणि काय परवडविले, याची साक्ष असते. तीत सुधारणा करू नये असे कोणी म्हणत नाही. शर्यतीच्या जगात ती पहिल्या दिवसापासून होत आली. मात्र सुधारणा अशी असावी, की पुढच्या धन्यास ती उलटविता यावी. सांगाडा कापावा लागेल, पत्रा ठोकून मागे सारावा लागेल, असा हेडर जो आखतो, तो आपले अज्ञान गाडीच्या अंगावर कायमचे कोरून ठेवतो. मूळच्याच खुंट्यांवर बसणारा, मूळच्याच वाटेने उतरणारा आणि दोन तासांत निघणारा हेडर आखणे अधिक कठीण; म्हणूनच त्यात अधिक कौशल्य आहे.

जाणते कारागीर म्हणून गिऱ्हाईकास शेवटी एक सल्ला विनामूल्य देतात. उतरविलेले बिडाचे मॅनिफोल्ड भंगारवाल्यास देऊ नये. ते घासून, तेल लावून, कापडात गुंडाळावे. त्याचे नट व वायसर एका डबीत घालून तीवर गाडीचे नाव लिहावे, आणि ते फळीवर जपून ठेवावे. गाडी एक दिवस दुसऱ्याच्या हाती जाणार, हे ठरलेलेच असते. त्याला धुराच्या दोन्ही वाटा मिळाव्यात, आणि कोणती घ्यावी हे त्याने ठरवावे.